एका शिलिंगच्या तिकिटातून उभी राहिलेली शिष्यवृत्ती

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, इंपीरियल कॉलेज आणि रॉयल अल्बर्ट हॉल एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्याकडून गेलेला पर्यटक तिथे दिवसभर पायपीट करतो. पण ही सगळी जमीन एकेकाळी एकाच संस्थेने विकत घेतली होती, हे क्वचितच कोणाच्या कानावर येते. रॉयल कमिशन फॉर द एक्झिबिशन ऑफ १८५१ हे तिचे नाव. ज्या प्रदर्शनासाठी हा आयोग नेमला, ते उरकून सुमारे पावणेदोनशे वर्षे झाली. आयोग मात्र कामात आहे, आणि तरुण वैज्ञानिकांना व अभियंत्यांना संशोधनासाठी पैसे देणे हे त्याचे आजचे मुख्य काम आहे.

१ मे १८५१ रोजी हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनने रचलेल्या काच-लोखंडाच्या प्रचंड इमारतीत जगभरातल्या यंत्रांचे आणि मालाचे प्रदर्शन उघडले. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट या खटाटोपाच्या अग्रभागी होते. हिंदुस्थानातून ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेल्या वस्तूंचे मोठे दालन होते, आणि पंजाब जिंकून दोनच वर्षांपूर्वी मिळवलेला कोहिनूरही तिथे मांडला होता. सुरुवातीला तिकिटे महाग होती. मेच्या अखेरीस आठवड्यातले काही दिवस एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला आणि गिरण्या-कारखान्यांतली माणसे आगगाड्या भरभरून लंडनला येऊ लागली. ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांवर प्रवेश झाले. खर्च वजा जाता १,८६,००० पौंड उरले.

अशा शिलकीचे सहसा काय होते, हे आपण पाहत आलो आहोत. एखादे स्मारक, एखादा सत्कार, आणि उरलेली रक्कम कुठल्या तरी खात्यात पडून. अल्बर्ट यांनी आयोग बरखास्त होऊ दिला नाही. उद्योगाला विज्ञान आणि कला यांची जोड मिळावी, त्यासाठी शिक्षणाची साधने वाढावीत, हे उद्दिष्ट नव्या सनदेत लिहून घेतले आणि सरकारी रकमेची भर घालून साउथ केन्सिंग्टनला ८७ एकर जमीन घेतली. त्या काळी तिथे बागा आणि मळे होते. पुढे एकेक संस्था तिथे आली. अल्बर्ट हॉलला तर ती जागा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला एक शिलिंग भाड्यावर मिळाली. मात्र इतक्या उदारपणाने हातात रोकड राहत नाही, आणि आयोग कित्येक वर्षे कर्जाखाली दबून होता. ती घडी बसवली रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांनी. १८५१ च्या प्रदर्शनाच्या तयारीतही हेच गृहस्थ राबले होते. उत्पन्न खर्चापेक्षा वाढले तेव्हा आणखी इमारती बांधण्याऐवजी माणसांवर खर्च करायचे ठरले, आणि १८९१ साली विज्ञान संशोधनाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

वर्षाला १५० पौंड, दोन वर्षे. ब्रिटनमधल्या आणि वसाहतींतल्या विद्यापीठांनी आपला उमेदवार सुचवायचा. त्याने पदवीपुरता अभ्यास नव्हे, तर स्वतःचे काही काम करून दाखवलेले असावे, आणि पुढचे काम दुसऱ्या संस्थेत जाऊन करावे. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते. जिथे शिकलो तिथेच, त्याच गुरूंच्या सावलीत आयुष्य काढण्याची सवय आपल्या विद्यापीठांत किती खोल रुजली आहे!

न्यूझीलंडच्या वाट्याला दोन वर्षांतून एक शिष्यवृत्ती येई. १८९४ च्या निवडीत उमेदवार दोन होते, आणि पसंती मिळाली ऑकलंडच्या मॅक्लॉरिन या रसायनशास्त्रज्ञाला. घरच्या आणि नोकरीच्या कारणाने त्याने ती नाकारली. मग दुसऱ्या उमेदवाराचा नंबर लागला. हा बारा भावंडांतला, शेतकऱ्याचा मुलगा, अर्नेस्ट रदरफर्ड. बाहेरून आलेल्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घ्यायला केंब्रिजने नुकतीच सुरुवात केली होती, आणि १८९५ मध्ये तो जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. अणूचे केंद्रक शोधणाऱ्या माणसाचा प्रवास असा एका नकारातून मोकळा झाला.

जेम्स चॅडविकची गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. सूतगिरणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा मँचेस्टरमध्ये रदरफर्डकडे शिकला. १९१३ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि जागा बदलण्याच्या अटीनुसार तो बर्लिनला हान्स गायगर यांच्याकडे गेला. १९१४ मध्ये त्याने बीटा किरणांचा वर्णपट सलग असल्याचे दाखवून दिले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि हा इंग्रज तरुण शत्रुदेशात अडकला. रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैद्यांची छावणी होती. तिथल्या तबेल्यात त्याने युद्ध संपेपर्यंतची वर्षे काढली. तिथेही त्याने जमतील ते प्रयोग केले. किरणोत्सारी पदार्थ म्हणून हाताशी काय होते, तर त्या काळी जर्मनीत विकली जाणारी थोरियमची टूथपेस्ट! १९१८ साली कोणी आयोगाकडे या शिष्यवृत्तीचा हिशेब मागितला असता, तर दाखवायला एक छोटा शोधनिबंध आणि चार वर्षांची कैद एवढेच होते. त्याला न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, नोबेल मिळाले १९३५ मध्ये.

संशोधनाला पैसे देणाऱ्याने किती थांबायची तयारी ठेवावी, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा तक्ता मागणाऱ्या योजनांत असा माणूस पहिल्याच फेरीत गळतो. आयोगाला थांबणे परवडते, कारण त्याची ठेव जमिनीत आणि गुंतवणुकीत आहे. एखाद्या मंत्र्याच्या किंवा कंपनीच्या मर्जीवर ती अवलंबून नाही.

पॉल डिरॅक यांना १९२५ मध्ये आयोगाची ज्येष्ठ शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी त्यांचा पुंजयामिकीवरचा पहिला मोठा निबंध आला. मार्क ऑलिफंट ऑस्ट्रेलियातून याच पैशावर केंब्रिजला आले. पन्नाशीच्या दशकात एडिंबरोला पीटर हिग्ज यांनाही आयोगाने आधार दिला. नोबेल विजेत्यांची संख्या तेरा भरते. पण केवळ या तेरांवरून संस्थेची परीक्षा करू नये, कारण कारखान्यांत आणि शिक्षणसंस्थांत गेलेल्या इतर शेकडो जणांचे काम तितकेच तिचे आहे. १९९० पासून औद्योगिक शिष्यवृत्त्याही आहेत. त्यांत अभियंता कंपनीत नोकरी करत तिथल्याच प्रश्नावर डॉक्टरेट करतो. १८५१ च्या त्या नव्या सनदेला सर्वांत जवळची योजना हीच.

या यादीत आपल्या ओळखीची नावेही आहेत. यांत्रिकी अभियांत्रिकी शिकायला मुंबईहून केंब्रिजला गेलेले आणि तिथे भौतिकीकडे वळलेले होमी भाभा डॉक्टरेटनंतर १८५१ च्या ज्येष्ठ शिष्यवृत्तीवर तिथेच राहिले. विश्वकिरणांच्या वर्षावाची हाइटलर यांच्यासोबतची उपपत्ती १९३७ मधली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पैसे मागितले. आयोगानंतरच्या या दुसऱ्या धर्मादाय निधीच्या बळावर १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च उभी राहिली.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले एम. जी. के. मेनन ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्याकडे डॉक्टरेट करून १९५३ ते ५५ याच आयोगाच्या ज्येष्ठ शिष्यवृत्तीवर होते. ती संपताच ते टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात भाभा गेले, आणि संस्थेची धुरा मेनन यांच्याकडे आली. ते तेव्हा ३७ वर्षांचे होते.