टोलचा रस्ता ताळेबंदात कोणत्या खान्यात?

आठवडी बाजाराचा ठेका आपण सर्वांनी पाहिला आहे. ठेकेदार नगरपालिकेकडे रक्कम भरतो व पथारीवाल्यांकडून पावत्या फाडून ती वसूल करतो. म्हणून बाजाराचे मैदान काही त्याचे होत नाही. टोलच्या रस्त्याचेही असेच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचा ठेका २०२० मध्ये आयआरबी कंपनीला ८,२६२ कोटी रुपयांना मिळाला, मुदत २०३० पर्यंत. कंपनीला मिळाला तो वसुलीचा हक्क. रस्ता रस्ते विकास महामंडळाचाच राहिला.

म्हणूनच हिशेबाच्या नियमानुसार (इंड एएस ११५, परिशिष्ट डी) अशी कंपनी रस्ता आपली स्थावर मालमत्ता म्हणून दाखवू शकत नाही. हा नियम मुख्यतः शेअर बाजारातील व मोठ्या कंपन्यांना आहे. रस्ता बांधल्याचा मोबदला कोण देणार, एवढेच त्यात पाहायचे. वाहनवाले देणार असतील तर 'टोलचा हक्क' ही अमूर्त मालमत्ता. सरकार ठरलेली रक्कम देणार असेल तर ते सरकारकडचे येणे. राष्ट्रीय महामार्गांवर २०१६ पासून आलेल्या 'हॅम' पद्धतीत ४० टक्के रक्कम काम चालू असताना मिळते व उरलेली १५ वर्षांत व्याजासह. तेथे रस्ता ओस पडला तरी कंपनीचे पैसे बुडत नाहीत. मात्र तिच्या उत्पन्नात व्याजाचा वाटा मोठा असतो. व्याजाचा व्यवहार टाळून शेअर घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

खरी गोम टोलच्या हक्कात आहे. समजा, रस्त्यावर १०० कोटी खर्च झाले आणि त्या कामाची वाजवी किंमत ११० कोटी धरली. बांधकाम चालू असतानाच कंपनी ११० कोटींची मिळकत व १० कोटींचा नफा लिहिते, आणि समोर ११० कोटींचा हक्क मांडते. टोलनाक्यावर अजून एक गाडी थांबलेली नाही! पुढे टोल सुरू झाला की तोही उत्पन्नात येतो आणि हक्काचे ११० कोटी मुदतीत हळूहळू खर्ची पडतात. शेवटी बेरीज तीच येते; टोलमधून १०० कोटी वजा. (डागडुजी वेगळी. काही वर्षांनी डांबराचा थर द्यावा लागतो, त्याची तरतूद दरवर्षी करावी लागते.) यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. पण नफा आधी दिसतो आणि रोकड मागाहून येते.

रस्त्याचे कठडे करणारा फॅब्रिकेटर, खडी-वाळू पुरवणारा, ट्रकवाला यांनी येथेच सावध राहावे. नफ्याचा आकडा पाहून तीन महिन्यांची उधारी देण्यापूर्वी वार्षिक अहवालातील रोकड प्रवाहाचे पत्रक उघडावे. धंद्यातून खरोखर रोकड येते आहे की बँकेच्या कर्जावर गाडा चालला आहे, हे तेथे कळते.

आणखी एक. टोलचा हक्क बहुधा त्या एका रस्त्यासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या नावे असतो व तो बँकेकडे तारण असतो. तुमची ऑर्डर मात्र बांधकाम करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीची असू शकते. माल गाडीत भरण्यापूर्वी ऑर्डरवर नाव कोणाचे आहे ते वाचून घ्या, आणि ताळेबंद त्याच कंपनीचा मागा.