मॉर्फिनला ब्रेक लावणारं पेप्टाइड

एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला: बाबांना कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन चालू आहे, पण आता तेवढ्याच डोसने भागत नाही. नातेवाईक म्हणतात, व्यसन लागलं.

मला हा शब्दच खटकतो. आजार वाढला असेल, किंवा शरीरच औषधाला ब्रेक लावत असेल. त्यातलाच एक ब्रेक सीसीके, म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. जेवल्यावर आतड्यातून सुटून पित्ताशय आकुंचित करणारं हे पेप्टाइड. १९२८ साली त्याचं बारसं झालं, १९७५ मध्ये ते चक्क मेंदूतही सापडलं! तिथे आणि मज्जारज्जूत ते मॉर्फिनचा परिणाम कमी करतं. १९८४ च्या प्रयोगात उंदरांना सीसीके अडवणारं प्रोग्लुमाइड दिलं, तर मॉर्फिनचा गुण वाढला. माणसांच्या नेहमीच्या उपचारात ते अजून आलेलं नाही. तोवर ताई, डोस डॉक्टरांनाच विचारा, पण बाबांना ‘दुखतंय’ म्हणू द्या.