सांभरचे मीठ आणि हायड्रोजनचा घट

जयपूरजवळील सांभर सरोवराचे मीठ प्रसिद्धच आहे; परंतु घरगुती हायड्रोजन-घटात ते घालू नये. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यात काहीतरी विरघळवावे लागते, हे खरे. मात्र मिठाच्या तीव्र द्रावणात धनाग्रावर प्राणवायूऐवजी मुख्यत्वे क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. आणि तेथे स्टेनलेस स्टीलचा चमचा जोडला असल्यास त्यातील क्रोमियमही पाण्यात उतरते. त्यापेक्षा धुण्याचा सोडा बरा. त्याच्या अल्कधर्मी द्रावणात निकेलचे धनाग्र टिकते, तांब्याचे झिजते. पेन्सिलीचे शिसे स्वस्त खरे, पण त्याचा भुगा होऊन पाणी काळवंडते. दोन्ही वायू वेगळ्या नळ्यांत घ्यावेत. एकत्र आल्यास ठिणगीने स्फोट होतो. ऋणाग्रावरील हायड्रोजनची नळी सुमारे दुप्पट वेगाने भरते.