बँकेचा वकील आणि शेतजमिनीचे तारण

बँकेच्या वकिलाचे बरेचसे काम न्यायालयाबाहेरच चालते. सातबारा, फेरफार व दुय्यम निबंधकाकडील नोंदी तपासून तारणाची मालकी निर्वेध आहे किंवा कसे, याचा अहवाल तो देतो. काम कंटाळवाणे खरे. पण येथील चूक पुढे वसुलीच बुडविते.

२००२ च्या सरफेसी कायद्यान्वये अनुत्पादित कर्जासाठी ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता, बँकेस तारणाचा ताबा घेता येतो. कलम ३१ ने शेतजमीन मात्र यातून वगळली आहे. नोटीस आलेल्या शेतकऱ्यास हे अवश्य सांगावे. तथापि केवळ महसुली नोंद पुरत नाही. गोव्यातील एका हॉटेलच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहून हे संरक्षण नाकारले. शिवाय जमीन वगळली म्हणून कर्ज मिटत नाही. दिवाणी न्यायालयाचा वा कर्जवसुली न्यायाधिकरणाचा मार्ग बँकेस खुलाच राहतो.