व्यवसाय कर, महाराष्ट्रातील

व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांपासून उत्पन्न मिळविणाऱ्या व्यक्तींवर राज्य शासनाने बसविलेला कर. स्थानिक शासनाच्या कर्मचाऱ्यांमागे बेकारीसाठी कर कोण भरतो, या प्रश्नाचे महाराष्ट्रापुरते उत्तर या करात सापडते. अमेरिकेत बेकारी विम्याचा संघीय कर मालक भरतात. राज्य व स्थानिक शासने त्यातून मुक्त असून, त्यांच्या माजी कर्मचाऱ्यांस मिळालेल्या भत्त्याची भरपाई करण्याचा पर्याय त्यांना असतो. महाराष्ट्रातील रचना अगदी निराळी आहे : येथे नोकरी असलेल्याच्या वेतनातून नोकरी नसलेल्यासाठी रक्कम घेतली जाते.

वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात (जि. सांगली) प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली रोजगार हमी योजना १९७२ पासून राज्यभर राबविण्यात आली. तिला पैसा हवा होता. त्यासाठी १९७५ चा व्यवसाय कर अधिनियम १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. पुढे २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आलेल्या रोजगार हमी अधिनियमाने (१९७७) स्वतंत्र निधी निर्माण केला. बागायती जमिनींवरील उपकर, मोटार वाहने व विक्री यांवरील जादा कर इत्यादींचे उत्पन्नही त्या निधीकडे वळविण्यात आले आणि तेवढीच भर राज्याने घालावी असे ठरले. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास मजुरास बेकारी भत्ता देय झाला.

कर कर्मचाऱ्याचा, पण तो भरण्याची जबाबदारी वेतन अदा करणाऱ्या अधिकाऱ्याची असते. वेतनातून कपात करावयाची राहिली, तरी त्याची सुटका होत नाही. भुसावळ तालुक्यातील दीपनगर येथील औष्णिक वीजकेंद्राचा तंत्रज्ञ आणि त्याच तालुक्याच्या पंचायत समितीतील लिपिक यांच्या वेतनपत्रकांत हीच कपात दिसते.

संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल वार्षिक मर्यादा व्यक्तीमागे २५० रु. होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रु. झाली. दरमहा १०,००० रुपयांवर वेतन असणाऱ्यास अकरा महिने २०० रु. व फेब्रुवारीत ३०० रु. भरावे लागतात, २५,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना २०२३ पासून सूट आहे. परिणामी नगरपालिकेचा शिपाई आणि तिचा मुख्याधिकारी यांचा कर सारखाच. ही विषमता उघड आहे. पण घटनात्मक मर्यादेमुळे राज्य शासनास वरच्या वेतनावर अधिक आकारणी करता येत नाही.

कर भरल्याने भरणाऱ्यास कोणताच हक्क प्राप्त होत नाही, ही बाब अधिक गंभीर होय. हमीचे क्षेत्र मूलतः ग्रामीण भाग व ‘क’ वर्ग नगरपालिका एवढेच होते. त्यामुळे मोठ्या शहरातील नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षे हा कर देऊनही, काम सुटताच या निधीकडे काही मागू शकत नाही.