कोलकात्यातल्या सिस्टरांच्या घरी सेवेला जाताना

सकाळी सातच्या सुमाराला कोलकात्याच्या ‘मदर हाउस’मध्ये, म्हणजे मदर तेरेसांच्या संघाच्या मुख्यालयात, एक वेगळीच पंगत जमते. चहा, पाव आणि एकेक केळं, एवढाच बेत. जमलेल्यांत स्पॅनिश असतात, जपानी, कोरियन, इटालियन, अमेरिकन असतात; कुणी विशीतलं, कुणी साठी ओलांडलेलं. रजा काढून, तिकिटाचे पैसे स्वतः भरून ही माणसं इथे आलेली असतात. न्याहारीनंतर छोटी प्रार्थना होते आणि गटागटानं सगळे पायी किंवा बसनं संघाच्या शहरातल्या वेगवेगळ्या सेवाघरांकडे निघतात. दुपारपर्यंत ते अनोळखी माणसांचे कपडे धुतील, त्यांना भरवतील, त्यांची नखं कापतील.

परदेशात जाऊन सेवा करण्याची इच्छा आज अनेक तरुणांच्या मनात असते, आपल्याकडच्याही. त्या इच्छेचं प्रत्यक्षात काय होतं, ती कुणाच्या उपयोगी पडते आणि कुठे चुकते, हे समजून घ्यायला कोलकात्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

ही घरं उभी कशी राहिली

अ‍ॅग्नेस गोन्जा बोयाजिउ यांचा जन्म १९१० साली स्कोप्ये इथे झाला. १९२९ च्या जानेवारीत त्या लोरेटो संघातर्फे कोलकात्यात आल्या आणि पुढे एंटाली भागातल्या शाळेत शिकवू लागल्या. १९४८ मध्ये त्यांनी ती शाळा आणि तो मठ सोडला, पाटण्याला जाऊन शुश्रूषेचं जुजबी शिक्षण घेतलं आणि निळ्या काठाची पांढरी सुती साडी नेसून वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाला चर्चची मान्यता मिळाली. जग त्यांना मदर तेरेसा म्हणून ओळखू लागलं ते नंतर.

पहिलं मोठं घर ‘निर्मल हृदय’. कालीघाटच्या काली मंदिराला लागून यात्रेकरूंची एक धर्मशाळा होती. महापालिकेनं ती वापरायला दिली आणि १९५२ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसांसाठी तिचं दार उघडलं. आज संघाच्या पाच हजारांहून अधिक सिस्टर शंभरावर देशांत काम करतात. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज त्यांचं चौथं व्रत आहे : गरिबांतल्या गरिबाची मनापासून, विनामोबदला सेवा.

कोणत्या घरात कोण राहतं

‘निर्मल हृदय’मध्ये गंभीर आजारी आणि मरणासन्न माणसं असतात. पार्क सर्कस भागातलं ‘प्रेमदान’ बरंच मोठं आहे. तिथे दीर्घ आजारानं, मानसिक व्याधीनं किंवा निराधारपणामुळे आलेले स्त्री-पुरुष राहतात. ‘शांतिदान’ स्त्रियांसाठी, ‘दयादान’ अपंग मुलांसाठी आणि १९५५ मध्ये सुरू झालेलं ‘शिशुभवन’ अनाथ, टाकून दिलेल्या बाळांसाठी. कोलकात्याजवळ टिटागढला कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. ती संघाचे ब्रदर्स चालवतात आणि सिस्टरांच्या साड्या तिथल्याच मागांवर विणल्या जातात.

कुठल्या घरात काम करायचं, हे फक्त आपल्या आवडीवर ठरत नाही. नोंदणीच्या वेळी सिस्टर तुमच्याशी बोलतात, किती दिवस राहणार ते विचारतात आणि गरज असेल तिथे पाठवतात.

दिवस कसा जातो

पहाटे सहाला मदर हाउसमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासना, असते. तिला येण्याची सक्ती नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, काहीच न मानणारे, सगळ्यांनाच सेवेला मुभा आहे. सातला न्याहारी, आठच्या सुमाराला काम, मध्ये चहा आणि बाराच्या आसपास सकाळची पाळी संपते. काही घरांत दुपारी तीननंतर दुसरी पाळी असते. गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी. दोन्ही पाळ्या करायचा उत्साह पहिल्या दिवशी प्रत्येकाला असतो. उकाडा आणि दमट हवा तिसऱ्या दिवशी तो जागेवर आणतात, म्हणून पहिला आठवडा एकच पाळी करावी.

हातात पडणारं काम

सगळ्यात आधी वाट्याला येतं धुणं. रात्रीतून ओल्या झालेल्या चादरी, घोंगड्या, कपडे यांचा ढीग सकाळी टाक्यांपाशी पडलेला असतो. आधी मळ काढायचा, मग साबणाचं पाणी, मग जंतुनाशक, मग दोनदा खळबळायचं. भिजलेलं घोंगडं एकट्याला पिळवत नाही. दोघांनी समोरासमोर दोन टोकं धरायची आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. पाणी धो धो गळतं, मनगटं भरून येतात. मग बादल्या घेऊन जिने चढायचे आणि गच्चीवर वाळत घालायचं. समोरचा माणूस कोरियन असो की मेक्सिकन, घोंगडं पिळायला भाषा लागत नाही.

त्यानंतर भरवणं. हे काम सोपं दिसतं, पण चूक इथेच महागात पडते. आडव्या पडलेल्या माणसाला कधीही भरवू नये. आधी त्याला उठवून टेकवून बसवायचं, मान किंचित पुढे, चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच डाळ-भात, आणि तो गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि अशक्त माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. एका वाटीला अर्धा तास लागला तर लागू द्यावा. घरातल्या मोजक्या सिस्टरांना आणि कामवाल्या बायांना प्रत्येकासाठी तो अर्धा तास काढता येत नाही. स्वयंसेवकाची खरी किंमत त्या अर्ध्या तासात आहे.

याशिवाय भांडी, लादी पुसणं, दाढी करणं, तेल लावून हातपाय चोळणं ही कामं असतात. जखमा बांधणं आणि इंजेक्शन देणं ज्यांचं शिक्षण झालं आहे त्यांच्यासाठीच. नर्स, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर असाल तर नोंदणी करतानाच सांगावं.

माशी आणि ब्यथा

घरात रोजंदारीनं काम करणाऱ्या स्थानिक बायांना सगळे ‘माशी’ म्हणतात. मराठी कानाला हे विचित्र वाटेल, पण बंगालीतली माशी म्हणजे आपली मावशी. वर्षानुवर्षं तिथे असल्यामुळे कोणाला काय पचतं, कोण रात्री घाबरतं, हे त्यांना ठाऊक असतं. नव्या माणसानं पहिले काही दिवस त्यांच्या मागे राहून बघावं.

थोडी बंगालीही शिकावी. पाण्याला ‘जल’, हळूला ‘आस्ते’ आणि दुखण्याला ‘ब्यथा’. आपण व्यथा हा शब्द लेखात आणि कवितेत ठेवून दिला. तिथे गुडघा दुखला तरी ब्यथाच होते. ‘कोथाय ब्यथा?’ म्हणजे कुठे दुखतंय, एवढं विचारता आलं तरी खाटेवरच्या माणसाला आपण त्याच्याकडे बघतो आहोत, हे कळतं.

कागदपत्रं आणि खर्च

संघ स्वयंसेवकांकडून शुल्क घेत नाही आणि त्यांना मानधनही देत नाही. राहण्याची सोय ज्याची त्यानं करायची. बरेच परदेशी सडर स्ट्रीटच्या स्वस्त खोल्यांत उतरतात. नोंदणीला ओळखपत्र लागतं, परदेशी नागरिकाला पासपोर्ट. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर महिन्याभरापर्यंतचं बिनमोबदला सेवाकार्य करता येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर योग्य व्हिसा आधीच काढावा लागतो. अमेरिका किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठी मुलांनीही हे लक्षात ठेवावं. कावीळ, धनुर्वात, विषमज्वर यांच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावं. क्षयरोगाचे रुग्णही तिथे असू शकतात, त्यामुळे स्वतःची प्रतिकारशक्ती कमी असेल तर आजाऱ्यांजवळचं काम घेऊ नये.

पुण्याहून आझाद हिंद आणि मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस थेट हावड्याला जाते. आपल्याला परदेश गाठायची गरज नाही. परदेशी लोक ज्या कामासाठी समुद्र ओलांडून येतात ते आपल्याच गाडीच्या शेवटच्या स्थानकावर आहे.

टीका वाचून जावी

या घरांवर गंभीर टीका झाली आहे, आणि सेवेला जाणाऱ्यानं ती टाळू नये. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये कालीघाटचं घर पाहून लिहिलं. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांची त्यांनी नोंद घेतली. पण नीट निदान होत नाही आणि तीव्र वेदनेवर प्रभावी औषधं नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. क्रिस्टोफर हिचेन्स यांनी १९९५ च्या पुस्तकात आणि मूळचे कोलकात्याचे डॉक्टर अरूप चॅटर्जी यांनी पुढे संघाचा पैसा, उपचारांचा दर्जा आणि मरणासन्नांचं धर्मांतर यांवर आक्षेप घेतले. संघाचे पाठीराखे सांगतात की ही घरं इस्पितळं नव्हेत; ज्यांना इस्पितळानं दार लावलं त्यांच्यासाठी ती आहेत.

माझं मत असं : माया असली म्हणून वेदनाशामक औषध नको, असं होत नाही. दोन्ही एकत्र राहू शकतात, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं ‘शांती अवेदना सदन’ हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर. तिथेही जोगिणीच कर्करुग्णांची शुश्रूषा करतात आणि वेदना कमी करणं हाच तिथल्या उपचाराचा गाभा आहे. गोव्यात लोटलीला त्याची शाखा आहे.

मुलांच्या घरी जाण्याआधी थांबा

बहुतेकांना मुलांमध्ये काम करायचं असतं. इथे स्पष्ट बोललं पाहिजे. आईबाप नसलेलं मूल नव्या माणसाला लगेच बिलगतं. दोन आठवड्यांनी तो माणूस निघून जातो, मग दुसरा येतो, तोही जातो. दर वेळी मुलाला पुन्हा सोडून दिल्यासारखं होतं. काही देशांत तर परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलंही अनाथाश्रमात आणून ठेवल्याचं उघड झालं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं आपल्या ठरावात अशा अनाथाश्रम-पर्यटनातल्या धोक्यांची दखल घेतली. म्हणून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यानं प्रौढांच्या घरी जावं, किंवा मुलांच्या घरातलं धुणं-भांडी मागून घ्यावीत. पैसे भरा आणि मुलांसोबत खेळा, अशी जाहिरात करणाऱ्या कुठल्याही देशातल्या संस्थेपासून दूर राहावं.

निघण्याआधी

कॅमेरा खोलीवर ठेवावा. खाटेवरचा माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याच्या वतीनं आपणच नकार द्यायचा. महिनाभर सलग जाणं हे आठ दिवसांपेक्षा कितीतरी उपयोगाचं, कारण कोण चहात साखर घेतं हे कळायलाच आठवडा जातो. पेटी भरून औषधं नेऊ नयेत. काय हवं ते आधी विचारावं. आणि जाण्यापूर्वी आपल्या गावाजवळच्या घरी चार रविवार काढून बघावेत. मुंबईकरांसाठी भायखळ्याचं ‘आशादान’ याच सिस्टरांचं आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत जाऊन आलेल्यांना तर हे सांगायची गरजच नाही : अंगमेहनतीत टिकतो तोच पुढे कामाला येतो.

अवश्य जा. पण आपल्याला काय अनुभव मिळणार, हा प्रश्न घरी ठेवून जा. तिथे पहिल्या सकाळी सिस्टरांना किंवा माशींना इतकंच विचारा, आज काय धुवायचं आहे?