कोंबडीची घरघर आणि वेश बदलणारा जिवाणू



थंडी पडली की काही खुराड्यांतून शिंका ऐकू येतात. कोंबडी मान लांबवून तोंडानं श्वास घेते, रात्री घशात घरघर होते, डोळ्यांत फेस येतो. ती लगेच मरत नाही. पण अंडी कमी होतात, पिल्लं खुरटतात आणि गटाचा हिशोब बिघडतो. या जुनाट श्वसनरोगाला डॉक्टर ‘सीआरडी’ म्हणतात. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाचा जिवाणू त्याचं कारण आहे. माणसाला तो बाधत नाही.

बहुतेक जिवाणूंभोवती कडक भिंत असते. पेनिसिलिनसारखं औषध ती भिंत बांधू देत नाही, म्हणून ते जिवाणू मरतात. मायकोप्लाझ्माला मात्र भिंतच नाही, नुसता पातळ पापुद्रा असतो. मग पेनिसिलिन बिघडवणार काय? मेडिकलमधून मनानं आणलेली गोळी इथं वाया जाते, ती अशी.

या पापुद्र्यावर प्रथिनं बसवलेली असतात. जिवाणूचा सगळा संसार त्यांच्यावर चालतो. काही प्रथिनं गोखरूसारखी असतात. त्यांच्या जोरावर जिवाणू कोंबडीच्या श्वासनळीला घट्ट चिकटतो. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखी लव असते, ती धूळ आणि शेंबूड बाहेर झाडते. जिवाणू चिकटला की ही लव झडते, शेंबूड साचतो आणि घरघर सुरू होते. मग दुसरे जंतूही आत शिरतात आणि आजार बळावतो.

कोंबडीचं शरीर गप्प बसत नाही. ते जिवाणूच्या अंगावरची प्रथिनं ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे राखणदार, तयार करतं. पण या जिवाणूजवळ ‘व्हीएलएचए’ नावाच्या प्रथिनांचे ४० च्या आसपास नमुने असतात. एका वेळी तो बहुधा एकच नमुना अंगावर घालतो. राखणदारांनी तो ओळखेपर्यंत काही जिवाणूंनी दुसराच घातलेला असतो. वेश बदलून चोर गावातच राहावा, तसं हे. म्हणून बरी दिसणारी कोंबडीही आजार बाळगून असते आणि अंड्यातून तो पिल्लांना देते.

मग आपण काय करायचं?

घरघर ऐकू आली की ती कोंबडी वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. राणीखेतमध्येही अशीच लक्षणं दिसतात, तेव्हा अंदाजानं औषध नको. मायकोप्लाझ्मावर चालणारी औषधं वेगळी आहेत. ती डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवस पूर्ण द्या. औषध संपल्यावर किती दिवस अंडी आणि कोंबडी विकायची किंवा खायची नाही, हेही विचारून घ्या. औषधानं आजार दबतो, पण जिवाणू पूर्ण जाईलच असं नाही.

म्हणून आजारी पडून गेलेल्या कोंबडीची अंडी खुडुक कोंबडीखाली बसवू नका. गटासाठी पिल्लं घेताना मूळ कळपाची मायकोप्लाझ्मासाठी तपासणी झाली आहे का, हे विचारा. बाजारातली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. तिचं पाण्याचं भांडंही वेगळं हवं. खुराड्यात वारा खेळू द्या आणि विष्ठेचा उग्र वास साचू देऊ नका, कारण त्या वासानंही श्वासनळीची लव झडते.

चोर वेश बदलतो, पण दार आपल्या हातात आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत पिल्लं कुठून आणायची, हा विषय जरूर घ्या.